लाईटचा दोष नव्हता, नसरीन

नसरीन, लाईटचा दोष नव्हता. हे आधी सांगून टाकते, नाहीतर मला घास गिळवणार नाही. दोन महिने तू एकच पालुपद लावलं होतंस, "उज्जू, आपल्या भिवंडीची लाईटच तशी, सारखी वरखाली होते, मशीन बिचारं काय करणार?" आणि मी म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. लाईटला कशाला नावं ठेवतेस, आपल्याच जोडणीत काहीतरी चुकलंय. आता दोष सापडलाय आणि ऐकायला तू नाहीस. असं ऐन रंगात आलेलं भांडण टाकून कुणी जातं का गं?

आमच्याकडे माणूस गेलं की पुण्यानुमोदनाला एकेक जण उभा राहून चार शब्द बोलतो. माझ्या आजीच्या वेळी आमच्या वडपे गावचे एक काका एवढे बोलले की पंगतीतला भात गार झाला. तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी आले तेव्हा बायका चादरीवर खजुराच्या बिया पसरून पढत बसल्या होत्या. एकदा पढलं की एक बी सरकवायची. मला पढता येत नाही. मी नुसत्याच बिया इकडच्या तिकडे सरकवत राहिले, आणि तुझ्या सासूबाईंनी, आपल्या खालांनी, ते पाहून आणखी मूठभर बिया माझ्यापुढे ठेवल्या. तिथे उभं राहून बोल असं मला कुणी सांगणार नव्हतं. म्हणून माझे चार शब्द इथे बोलते. चारावर थांबणार नाही, ते तुला माहीतच आहे.

शाळेत आपण एका बाकावर होतो. पुढे मी मानकोलीच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅचच्या टेबलावर चिकटले आणि तू अल्ताफभाईंशी लग्न करून त्यांच्या कापडाच्या लूमच्या कारखान्याला लागून असलेल्या घरात गेलीस. तुमच्या माळ्याची आणि कारखान्याची भिंत एकच. मी रविवारी यायचे, माळ्यावर बसायचो, चहा व्हायचा, आणि जगाची उणीदुणी काढून झाली की संध्याकाळी मी घरी. असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. मग तुझ्या डोक्यात ते शिरलं.

"उज्जू, मेंदी असो नाहीतर तुमची हळद असो, बायकांच्या कार्यक्रमात पुरुष कॅमेरावाला कुणाला हवा असतो?" तू म्हणालीस. "आपण दोघी शूटिंग करू. एडिटिंगपण इथेच, माळ्यावर. बायकांचं शूटिंग बायकांच्या हाताबाहेर जाणार नाही."

मी म्हटलं, वेड लागलंय तुला. पण बोलणं खरं होतं. आमच्या हळदीतसुद्धा बायका मस्त नाचत असतात आणि कॅमेरावाला आला की सगळ्या पदर सावरून लाकडासारख्या उभ्या राहतात. तू घरोघर जाऊन सांगायला लागलीस. आणि प्रत्येक घरी जबान देऊन आलीस, की शूटिंग आमच्या माळ्याबाहेर जाणार नाही आणि घरातलासुद्धा पुरुष ते बघणार नाही.

तयार कॉम्प्युटर घ्यायचा सोडून एकेक पार्ट आणून घरी जोडायचा हट्टही तुझाच. तू मोबाईलवर बघून सांगायचीस, मी स्क्रू पिळायचे. "हळू गं! तुझ्या हातात दम आहे, अक्कल नाही." हे तुझं लाडकं वाक्य. सगळे पार्ट मी विचारपूस करून निवडले, फक्त कॅबिनेट, म्हणजे वरचा डबा, तुझ्या पसंतीचा. समोर लाल दिव्यांची पट्टी आणि लाल गोल बटणं. मी म्हटलं, अगं हे कॉम्प्युटर आहे की पानाची टपरी? तू म्हणालीस, "दिसायला तरी बरं नको?" पहिल्यांदा चालू झालं तेव्हा खालांनी आनंदाने गल्लीत पेढे वाटले. त्यांना वाटलं, नवा टीव्ही आलाय.

आणि मग ते आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. ना आवाज, ना इशारा. स्क्रीन काळी व्हायची आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू. कधी अर्धा दिवस शहाण्यासारखं चालायचं, कधी चहा गाळेपर्यंत दोनदा बसायचं. एरवी चाललं असतं गं. पण फिल्म तयार करताना मशीनला तासन् तास सलग चालावं लागतं, मधे बंद पडलं की केलेलं सगळं पाण्यात. आणि आपल्याकडे पहिलंवहिलं काम होतं घरचंच, अल्ताफभाईंच्या बहिणीच्या मुलीचं, सानियाच्या मेंदीचं. ती कतारला नवऱ्याकडे जायच्या आत फिल्म तिच्या हातात पडायला हवी होती. दुसऱ्या कुणाकडे देऊन करून घ्यायची सोय नव्हती, कारण तुझी जबान. ती फिल्म त्या डब्यात अडकली आणि आपण दोघी तिच्याभोवती.

तुझी पद्धत म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग हाताची घडी घालून बघत बसायचं. माझी पद्धत म्हणजे सगळं उचकायचं, सगळं पुसायचं, सगळं परत लावायचं. "अति घाई, संकटात नेई. तुमच्या वडप्याच्या हायवेवर लिहिलंय, येता-जाता वाचत जा," तू म्हणायचीस. रॅम या खाचेतून त्या खाचेत घातली. पंख्यात अडकलेली रुई ब्रशने काढली. भिवंडीत रुई कुठे नसते, चहात असते, भुवईत असते, ती पंख्यात असणारच. विंडोज पुसून नवीन टाकलं. सप्लायचा डबा बदलून पाहिला. काही फरक नाही. तू म्हणायचीस लाईट, मी म्हणायचे जोडणी, आणि खाला खालून ओरडायच्या, "नजर लागली असेल, मिरच्या ओवाळू का?"

शेवटी दुकानात नेलं, आठवतं? जाताना तू त्याची डिस्क काढून घेतलीस आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवलीस, बायकांचं शूटिंग दुकानदाराच्या हाती नको म्हणून. त्याने स्वतःची डिस्क लावून दिवसभर चालवलं. एकदाही बंद पडलं नाही. "मॅडम, मशीन एकदम ओके है," म्हणाला. घरी आणलं, माळ्यावर ठेवलं, आणि जेवायला बसेपर्यंत त्याने मान टाकली. तू हात झटकून म्हणालीस, "झालं? दुकानात लाईट चांगली, घरी खराब. आता तरी पटलं?" मला नाही पटलं. मी त्या रविवारी फणफणत घरी गेले.

मग तो गुरुवार. तू रॅमची लांबलचक टेस्ट लावलीस आणि मला गोडाऊनमध्ये फोन करून सांगितलंस, "रविवारपर्यंत कुणाला हात लावू देत नाही बघ. तूसुद्धा आल्या आल्या हात घालायचा नाही." मी म्हटलं, बरं बाई, तुझ्या मशीनची आरती करते. हेच आपलं शेवटचं बोलणं. संध्याकाळी तू छातीत दुखतंय म्हणत खाली आलीस. पुढचं मी लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी गल्लीत शिरले तेव्हा मला वाटलं, रडून रडून माझे कान बसलेत. इतकी शांतता. मग लक्षात आलं, तुला गाडीत घातलं तेव्हाच अल्ताफभाईंनी लूम बंद केले होते आणि ते तीन दिवस बंदच होते. घरात मय्यत झाली की तुमच्याकडे खडखडाट करत नाहीत, हे मला माहीत होतं, पण एवढ्या जवळून कधी ऐकलं नव्हतं. बिया सरकवून झाल्या, बायका पांगल्या, आणि मी माळ्यावर गेले. खरं तर मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं.

लाल पट्टी चालू होती. तुझं मशीन चालू होतं गं. त्या गडबडीत माळ्यावर कुणी फिरकलंच नव्हतं. स्क्रीन उजळली आणि बघते तर तुझी टेस्ट चाललेली. गुरुवारपासून. मधे एकदाही रीस्टार्ट नाही. जे आपल्याकडे एक दुपार धड चाललं नाही, ते तू नसताना तीन दिवस अखंड चाललं होतं. मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. आणि रडता रडता मनात काय आलं असेल? तूच बरोबर होतीस. लूम बंद, लाईटवर भार नाही, म्हणून मशीन ठणठणीत. मी म्हटलं, घे बाई, जिंकलीस एकदाची.

खाली आले तर अल्ताफभाई जिन्यापाशी उभे. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. म्हणाले, "उज्ज्वला, तो डबा तू घेऊन जा, नाहीतर मी भंगारवाल्याला देतो. ती लाल लाईट माझ्याने बघवत नाही."

"सानियाची फिल्म तेवढी होऊ दे, अल्ताफभाई."

"सानिया पंधरा दिवसांत चालली. राहू दे आता. कोण बघणार आहे ती फिल्म?"

"नसरीनने जबान दिलीय," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. ते आत निघून गेले. नंतर मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. फिल्म सानियाच्या हातात पडायला हवी होती. तुझं दुसरं काही मला पुरं करता येणार नव्हतं.

पुढच्या रविवारी आले तेव्हा कारखान्यात जेवणाची सुट्टी होती, कामगार बाहेर ओट्यावर बसलेले. मी ठरवूनच आले होते, की तुझ्या म्हणण्याप्रमाणे लाईटचा बंदोबस्त करायचा. मशीन थेट इन्व्हर्टरच्या बॅटरीवर घेतलं. म्हणजे बाहेरच्या लाईटशी संबंधच नको. खाला पाण्याचा पेला ठेवून गेल्या. मी फिल्म उघडली. सगळं शांत. तेवढ्यात सुट्टी संपली आणि भिंतीपलीकडे एकेक लूम सुरू झाला. खडखड, खडखड, नेहमीचाच आवाज. आणि पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं.

मी त्या पाण्याकडे बघत असतानाच स्क्रीन काळी झाली.

बॅटरीवर, नसरीन! लाईट नव्हतीच मधे. मी टेबलावर तळहात ठेवला. टेबल थरथरत होतं, भिंत थरथरत होती, माझ्या पायाखालची लादीसुद्धा. दोन महिने आपण त्याच टेबलाला कोपरं टेकून डोकं खाजवत बसलो आणि दोघींपैकी एकीलाही ते जाणवलं नाही. बाहेरचा माणूस पहिल्याच मिनिटाला म्हणाला असता, बाई, तुमचं घर हलतंय. आपण लूमच्या खडखडाटात जन्मलो, त्यातच निजलो, त्यातच पाठांतरं केली. आपल्याला घर हलतंय हे कळायला घर थांबावं लागलं. आणि घर थांबायला तुला जावं लागलं. हे मला अजून पचलेलं नाही. तुझ्या जाण्याचा काही उपयोग झाला, असं कुणी माझ्यासमोर म्हटलं तर मी त्याचं थोबाड फोडेन. पण कळलं ते असं कळलं.

मग दुकानाचं कोडंही सुटलं. दुकानाच्या भिंतीला लूम नव्हते, बस्स. म्हणजे आत काहीतरी सैल होतं, जे थरथरीने हलत होतं. माझा हात शिवशिवला, सगळं उचकावं म्हणून. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पण तू "हळू गं" म्हणालीस. म्हणजे म्हणाली नाहीस, मला ठाऊक आहे, पण मी हात मागे घेतला आणि हाताची घडी घातली. एका वेळी एकच. चहाच्या सुट्टीत लूम पुन्हा थांबले तेव्हा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक पार्ट हलकेच ठोकून पाहिला. रॅमवर टकटक, काही नाही. वायरींवर टकटक, काही नाही. माझ्या हाताने पिळलेल्या एकेका स्क्रूवर टकटक, काही नाही. मग समोरच्या पट्टीवर, तुझ्या लाल गोल बटणांजवळ एकदा ठोकलं आणि स्क्रीन काळी.

रिसेटचं बटण. आतून ढिलं होतं. लूम चालले की त्याचे पत्रे एकमेकांना टेकायचे आणि मशीनला वाटायचं, कुणीतरी रिसेट दाबलं. बटणाकडून आत जाणारी बारीक वायर मी ओढून काढली. एवढंच. बटणाशिवाय काही अडत नाही. सुट्टीनंतर पलीकडे संध्याकाळपर्यंत लूम धडधडले आणि मशीन एकदाही बसलं नाही.

"कॅबिनेट!" मी ओरडले. "तुझंच कॅबिनेट निघालं गं! माझ्या हाताला नावं ठेवत होतीस ना!"

खालून खालांनी विचारलं, "काय झालं, बेटा?" मी म्हटलं, काही नाही. इतका राग आला तुझा. इतकी आठवण आली. तू असतीस तर आधी मानलंच नसतंस, मग बटण दहादा दाबून बघितलं असतंस, मग म्हणाली असतीस, "सापडलं कुणाच्या पद्धतीने, ते बोल." आणि ते खरंच आहे, नसरीन. तुझ्याच पद्धतीने सापडलं. मला उभ्या आयुष्यात धीर धरायला कुणी शिकवू शकलं नाही, आई नाही, गोडाऊनचे साहेब नाहीत. तू शिकवलंस, तेही शिव्या देत देत. तेवढ्यासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे, आणि हे तुझ्या तोंडावर मी कधीच कबूल केलं नसतं.

फिल्म तशी तयारच होती. शेवटचं एकच काम उरलं होतं, त्यावरही आपलं वाजलं होतं. तू कॅमेऱ्यामागे उभी राहिलीस की तोंड बंद ठेवत नसायचीस. अख्ख्या मेंदीत तुझा आवाज. आणि वर नियमही तुझाच, "शूटिंग करणारीचा आवाज फिल्ममध्ये राहणं म्हणजे शिंप्याने कपड्यात सुई विसरणं. सगळा काढायचा." मी म्हणायचे राहू दे गं, घरचंच आहे. तू म्हणायचीस, धंदा करायचा तर घरचं-बाहेरचं करायचं नाही. आता मी कात्री हातात घेऊन बसले होते. त्या फिल्ममध्ये सगळे आहेत, सानिया, तिच्या मैत्रिणी, खाला, ढोलक वाजवणाऱ्या बायका, मीसुद्धा एकदा जिलबी खाताना. तू कुठेच नाहीस. तुझा तेवढा आवाज आहे, आणि तोही काढ असं तू सांगून गेलीस.

मला ठरवता येईना. म्हणून काढायच्या आधी एकदा घरच्यांना दाखवावं म्हटलं. सानियाला बोलावलं. कच्ची कॉपी खालच्या खोलीत टीव्हीला लावली. खाला टीव्हीसमोर चटईवर बसल्या, सानिया त्यांच्या मागे. अल्ताफभाई उठून बाहेर गेले, कारण बायकांचं शूटिंग पुरुषांनी बघायचं नाही ही तुझी अट. दार लोटून घेऊन ते बाहेरच्या पायरीवर बसले.

ढोलक वाजली, गाणी झाली, सानियाच्या हातावर मेंदी काढायला सुरुवात झाली. मग तुझा आवाज आला, अगदी जवळून, नेहमीच्या घाईत. "अम्मी, थोड्या बाजूला सरका ना, नवरीवर सावली पडतेय."

आणि खाला चटईवरून बाजूला सरकल्या.

सानियाने तोंडावर ओढणी दाबली. खालांना आपण काय केलं ते कळलंच नव्हतं, त्या टीव्हीकडे बघत होत्या. मी रिमोट हातात धरून बसले होते. दाराबाहेरून अल्ताफभाईंचा आवाज आला. "उज्ज्वला, तेवढं परत लाव."

मी मागे नेऊन परत लावलं. तू परत तेच म्हणालीस, आणि खाला परत सरकल्या.

मग मी माळ्यावर गेले आणि काहीही न कापता फिल्म तयार करायला लावली. पलीकडे लूम चालू होते. मी हात न लावता बसून राहिले, ती पूर्ण होईपर्यंत. सानिया कतारला फिल्म घेऊन गेली. भंगारवाल्याचा विषय अल्ताफभाईंनी पुन्हा काढला नाही.

तुझा आवाज मी काढला नाही, नसरीन. एकही शब्द नाही. भांडायचं असेल तर ये.